सातबाऱ्यावरचं ‘०.५.०’ कॉम्प्युटरला कसं कळतं?

समजा, मोखाडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जमिनीचं क्षेत्र हाताने लिहिलेल्या यादीत ‘०.५.०’ असं नोंदवलंय. सातबारा पाहायची सवय असलेल्या माणसाला हे लगेच कळतं. शून्य हेक्टर, पाच आर, शून्य चौरस मीटर. म्हणजे साधारण पाच गुंठे.

हीच यादी एखाद्या प्रोग्रॅमला दिली तर? तो ‘०.५’ इथपर्यंत वाचून अर्धा हेक्टर असा अर्थ लावू शकतो. अर्धा हेक्टर म्हणजे पन्नास आर. एका टिंबामुळे जमीन दहापट झाली, आणि स्क्रीनवर चूक झाल्याची सूचनाही आली नाही.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई पिकते. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार मिळणाऱ्या वैयक्तिक वनपट्ट्यालाही ४ हेक्टरची कमाल मर्यादा आहे. अशा छोट्या तुकड्यांचा हिशेब आर आणि गुंठ्यांत होतो. पीक बुडाल्यावर मिळणारी सरकारी मदत हेक्टरी दराने ठरते. त्यामुळे टिंब कुठे आहे आणि त्याचा अर्थ काय, याला महत्त्व येतं.

कॉम्प्युटरला हा अर्थ शिकवण्याचं काम सुरू होतं ‘लेक्सिकल ॲनालायझर’पासून.

लेक्सिकल ॲनालायझर म्हणजे काय?

कॉम्प्युटरसाठी कुठलाही मजकूर म्हणजे अक्षरांची एक लांब माळ असते. त्या माळेचे अर्थपूर्ण तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रॅमला लेक्सिकल ॲनालायझर किंवा थोडक्यात लेक्सर म्हणतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक टोकन.

उदाहरणार्थ, ‘एकूण = १२ + ५’ या ओळीतून पाच टोकन निघतात: एक नाव, बरोबरचं चिन्ह, एक संख्या, अधिकचं चिन्ह आणि पुन्हा एक संख्या. या टोकनांचा एकमेकांशी संबंध लावण्याचं काम पुढच्या टप्प्यावर होतं. त्याला पार्सर म्हणतात.

कुठला तुकडा संख्या मानायचा, हे लेक्सरला नियमांनी सांगावं लागतं. ‘एक किंवा जास्त अंक म्हणजे पूर्णांक’ हा एक नियम. ‘अंक, मग टिंब, मग पुन्हा अंक म्हणजे दशांश संख्या’ हा दुसरा. दोन नियम लागू होत असतील, तर साधारणपणे सर्वात लांब तुकडा उचलणारा नियम जिंकतो.

असे नियम दिले की लेक्सर आपोआप तयार करून देणारी साधनंही आहेत. त्यातलं ‘लेक्स’ हे प्रसिद्ध साधन १९७५ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी बनवलं. हेच श्मिट पुढे गुगलचे प्रमुख झाले.

लेक्सरला नव्या संख्या शिकवता येतात का?

हो, आणि हे नेहमी घडतं. २०११ मध्ये आलेल्या जावा ७ मध्ये मोठ्या संख्येतल्या अंकांमध्ये अंडरस्कोअर टाकण्याची सोय झाली. पायथॉनमध्ये ती २०१६ साली, ३.६ या आवृत्तीत आली. अंडरस्कोअर तीन-तीन अंकांनंतरच हवा, अशी अट नाही. त्यामुळे दहा लाख ही संख्या १०_००_००० अशी आपल्या पद्धतीनेही लिहिता येते.

मराठी कागदासाठी काय शिकवावं लागेल?

१. देवनागरी अंक: युनिकोडमध्ये देवनागरी अंकांना इंग्रजी अंकांपेक्षा वेगळे क्रमांक आहेत. जावास्क्रिप्टमध्ये ‘कुठलाही अंक’ शोधण्याचं प्रचलित चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखतं. पायथॉन मजकुरातला देवनागरी ‘१२’ संख्येत बदलू शकतो, पण प्रोग्रॅमच्या ओळीतच देवनागरी ‘१२’ लिहिलं तर त्याचा लेक्सर ते नाकारतो. त्यामुळे दोन्ही लिपींतले अंक नियमात घ्यावे लागतात.

२. तीन भागांचं क्षेत्र: सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन भागांत असतं. १ हेक्टर म्हणजे १०० आर आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. जुन्या नियमांनुसार ‘०.४०.५०’ मधून ‘०.४०’ आणि ‘.५०’ असे दोन तुकडे पडू शकतात. म्हणून नवा नियम लागतो: अंक, टिंब, अंक, टिंब, अंक. हा तुकडा सर्वात लांब असल्यामुळे तोच निवडला जातो.

किंमत काढताना पहिल्या भागाला १०,००० ने आणि दुसऱ्याला १०० ने गुणायचं आणि तिसरा मिळवायचा. ‘०.४०.५०’ म्हणजे ४,०५० चौरस मीटर आणि ‘०.५.०’ म्हणजे ५०० चौरस मीटर. दुसरा किंवा तिसरा भाग ९९ पेक्षा मोठा असेल, तर ती नोंद माणसाने तपासायला हवी.

३. तिरकी रेघ: गट नंबर ‘४५/२’ हा भागाकार नाही, त्याचं उत्तर साडेबावीस येत नाही. स्प्रेडशीटमध्ये ‘५/२’ टाकलं की अनेकदा त्याची तारीख होते. ‘७/१२’चंही तेच. हा त्रास फक्त आपल्याकडचा नाही. स्प्रेडशीट काही मानवी जनुकांच्या नावांच्या तारखा करत होती, म्हणून २०२० साली ती नावंच बदलण्यात आली. गट नंबरला संख्येपेक्षा वेगळं, ‘ओळख क्रमांक’ असं टोकन द्यावं.

४. दीड, अडीच, सव्वा, साडे: ‘दीड एकर’, ‘अडीच गुंठे’ हे शब्द म्हणजेही संख्या आहेत. दीड आणि अडीच यांची किंमत ठरलेली आहे. ‘साडे’ पुढच्या संख्येत अर्धा मिळवतो, ‘पावणे’ पाव कमी करतो. ‘सव्वादोन’ म्हणजे दोन आणि पाव, पण ‘सव्वाशे’ म्हणजे शंभर आणि पाव नव्हे, तर १२५. तसंच ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५. लेक्सरने या शब्दाचे ‘पावणे’, ‘दोन’ आणि ‘शे’ असे तुकडे करावेत, गणित पार्सरवर सोडावं.

सगळं लेक्सरनेच ठरवायचं का?

नाही. ‘०१.०२.१९’ हे एक हेक्टर, दोन आर, एकोणीस चौरस मीटर असू शकतं आणि १ फेब्रुवारी २०१९ ही तारीखही असू शकते. दोन्ही दिसायला सारखेच. फक्त आकार पाहणाऱ्या लेक्सरला फरक कळणार नाही. त्याने ‘तीन भागांची संख्या’ एवढंच सांगावं. तो रकाना क्षेत्राचा आहे की तारखेचा, हे पाहून पार्सर निर्णय घेईल.

काही वेळा रकाना पाहूनही उत्तर मिळत नाही. क्षेत्राच्या रकान्यात नुसतं ‘०.५’ असेल, तर तो अर्धा हेक्टर आहे की तिसरा भाग न लिहिलेले पाच आर? इथे प्रोग्रॅमने अंदाज करू नये. नोंद बाजूला काढावी, मूळ मजकूर जसाच्या तसा जपावा आणि माणसाला विचारावं.

नियम लिहून झाले की खऱ्या कागदांवर दिसतात तशा नोंदी देऊन ते तपासावे लागतात. त्यात ‘०.५.०’ असायलाच हवं. थांबलेला प्रोग्रॅम दुरुस्त करता येतो. पण पाच आरांचे पन्नास करून पुढे गेलेल्या प्रोग्रॅमची चूक लक्षात येईपर्यंत ती यादी पुढच्या टेबलावर पोहोचलेली असते.