पेटीवरील आकडे

घरच्या घरी गाणे मुद्रित करावयाचे म्हटले की हल्ली टेबलावर एक लहानशी पेटी येते. तिला ‘ऑडिओ इंटरफेस’ म्हणतात. एका अंगाने तिला मायक्रोफोन जोडावयाचा, दुसऱ्या अंगाने संगणक. मायक्रोफोनाकडून येतो तो क्षणोक्षणी कमीअधिक होणारा विद्युत्प्रवाह. संगणकास तर आकड्यांवाचून दुसरे काही समजत नाही. पेटी ही या दोघांमधली दुभाषी होय. येथवर सारे सुबोध आहे. परंतु ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम उघडावा, तो प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. ४४,१०० की ४८,०००? १६ की २४? १२८ की २५६? शिवाय पेटीवर ४८ व्होल्टचे एक बटण असते, ते दाबावे की न दाबावे? नवशिका मनुष्य भांबावून जातो, आणि कोणी सांगितले असतील ते आकडे निमूटपणे मांडून मोकळा होतो. वस्तुतः या प्रत्येक आकड्याला जन्मकथा आहे, व तीत शास्त्राइतकाच अडचणीचा आणि सोयीचाही वाटा आहे.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी आकडे नव्हतेच. १९०२ च्या अखेरीस फ्रेड गाइसबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यास आला व त्याने गौहरजान हिचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरविले, त्या वेळी वीज कोठेच नव्हती. कर्ण्यात गावयाचे, त्या आवाजाने पडदा थरथरावयाचा, पडद्याने सुई हलवावयाची. आवाजाचे मान सांभाळण्याचा उपाय एकच, गाणाऱ्याने कर्ण्याच्या जवळ यावे किंवा दूर सरावे. वेळ काय तो सुमारे तीन मिनिटांचा, आणि त्यातही शेवटी स्वतःचे नाव उच्चारावयाचे; कारण तबकड्या छापल्या जात त्या दूर जर्मनीत हॅनोव्हर येथे, आणि तेथील कारागिरांस कोण गात आहे हे समजावे कसे? ज्या गायकीत नुसत्या आलापीसच अर्धा तास लागावा, तिला या तीन मिनिटांनी किती मुरड घातली असेल, याची कल्पना रसिकांनीच करावी.

१९२५ च्या सुमारास मुद्रणात वीज आली. कर्णा गेला, मायक्रोफोन आला, आणि गाणाऱ्याच्या पुढेमागे होण्याचे काम एका फिरकीकडे गेले. आजच्या पेटीवर जी ‘गेन’ नावाची फिरकी असते, ती याच घराण्यातली.

४८ व्होल्टच्या बटणाची कथा तर मोठी गमतीची आहे. काही जातींच्या मायक्रोफोनांस स्वतंत्र वीज लागते. ज्या तारेतून आवाज येतो तिच्यातूनच ती उलट पाठवावी, ही युक्ती १९६० नंतरच्या दशकात रूढ होऊ लागली. १९६६ मध्ये न्यूमान या जर्मन कारखान्याने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी तसे मायक्रोफोन तयार केले. त्या नभोवाणीच्या इमारतीत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळविलेली होती. मग तीच वापरली गेली! पुढे तोच जगाचा प्रघात झाला. उत्तरेकडील त्या दिव्यांची ती वीज आज पुण्यातील एखाद्या माडीवर तानपुऱ्यासमोरच्या मायक्रोफोनातही खेळते आहे.

४४,१०० या आकड्यामागे अर्धे गणित आहे. आवाजाची लाट एका सेकंदात कितीदा मोजावी, हे तो सांगतो. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि जे टिपावयाचे त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले पाहिजे, हा नियम. तेव्हा चाळीस हजारांच्या वर जाणे प्राप्तच होते. पण नेमके ४४,१००च का? तर १९७० नंतरच्या काळात आकड्यांचा एवढा लोंढा साठविण्यास सोयीचे साधन म्हणजे चित्रफितीचे यंत्र होते. त्याच्या एका पटात २४५ ओळी, दर ओळीत तीन मापे, सेकंदाला ६० पट. गुणाकार करून पाहावा, ४४,१०० येतात. युरोपातील यंत्रांत ओळी २९४ आणि पट ५०. तोही गुणाकार तेवढाच. १९८२ साली निघालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने हाच आकडा स्वीकारला. ती चित्रफीत आज अडगळीत गेली, तिचा आकडा मात्र गादीवर आहे.

‘बफर’ हा प्रकार त्रासदायक खरा. संगणक मापे एकेक करून घेत नाही, मूठभर जमली की उचलतो. मूठ २५६ ची असेल, तर ४८,००० च्या वेगाने सुमारे पाच सहस्रांश सेकंद जातात, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तितकेच. एवढ्या वेळात हवेतून आवाज बारा फूट जातो. बारा फुटांवर बसलेल्या तबलजीशी गवयाचे बिनसत नाही. पण स्वतःचाच स्वर कानावरच्या यंत्रातून मागाहून आला की तो अडखळतो. १९९७ मध्ये स्टाइनबर्ग या हॅम्बुर्गच्या कंपनीने ‘एएसआयओ’ नावाची जवळची वाट काढली, तेव्हापासून ही दिरंगाई पुष्कळ आटोक्यात आली. तरीही मूठ फार लहान केली तर संगणकाची धांदल उडते व आवाजात खरखर उठते. म्हणून गाताना ती लहान ठेवावी, पुढच्या संस्काराच्या वेळी मोठी करावी.

राहता राहिले १६ आणि २४. पहिल्यात आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या, दुसऱ्यात एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक. माझ्या मते घरगुती मुद्रणात याच निवडीला खरे मोल आहे. १८७७ साली फोनोग्राफ काढल्यावर पुढच्याच वर्षी एडिसनने त्याचे जे उपयोग मांडले, त्यांत घरच्या माणसांचे बोलणे व आठवणी त्यांच्याच आवाजात जतन करणे हाही एक होता. ते काम या पेटीने आता कोणासही करता येते. मात्र जुन्या फितीवर आवाज थोडा वाढला तर ती सोशीत असे. आकड्यांच्या मुद्रणात शेवटच्या पायरीच्या वर काही नाही, लाटेचा माथा तेथे सपाट कापला जातो. घरातील वृद्ध बाईंच्या ओव्या उतरून घ्यावयाच्या असतील तर २४ निवडावे, गेनची फिरकी खालीच ठेवावी, आणि आधी त्यांच्याकडून सर्वांत उंच जाणारी ओळ एकदा म्हणवून घेऊन तांबडा दिवा लागत नाही ना, ते पाहावे.