कापसाच्या गावचा, पण सूत न येणारा

मागच्या वीकेंडला वर्ध्याजवळच्या एका छोट्याशा कार्यशाळेत सूतकताई शिकायला गेलो होतो. ऑफिसात सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "का रे, ट्रेक रद्द झाला का?" असो.

पहिल्या तासात माझा धागा निदान चाळीस वेळा तुटला. शिकवणाऱ्या मावशी शांतपणे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ओढू नका ना जी. कापूस देते तेवढंच घ्या." मग गाव विचारलं. डोणगाव म्हटल्यावर हसल्या. "म्हणजे कापसातलेच हाय ना तुम्ही!"

खरं आहे. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात आमचं डोणगाव. लहानपणी कापसाच्या ढिगावर मनसोक्त लोळलोय. पण घरात कुणाला, अगदी आजीलासुद्धा, सूत काढताना पाहिलेलं नाही. कापूस गाडीत भरून जायचा आणि कापड दुकानातून यायचं. यात काही विचित्र आहे हे कधी डोक्यातच आलं नाही.

परत आल्यावर थोडं वाचन केलं. आमच्या तालुक्याच्या गावी, मेहकरला, मोमीन विणकरांची मोठी वस्ती होती. तिथली धोतरं नावाजलेली होती. हे विणकर एके काळी इतके सधन होते की गावाचा तट त्यांनी बांधून दिला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. मग हे सगळं गेलं कुठे? आपण शाळेत शिकलो की यंत्रं आली आणि हातमाग मागे पडला. पण वऱ्हाडात गोष्ट एवढी साधी नाही.

1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर इकडे वळली. 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. त्याच सुमारास रिव्हेट-कारनॅक नावाचा इंग्रजांचा कापूस कमिशनर होता. त्याने अहवालात उघडच लिहिलं की रेल्वे आली तर विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. म्हणजे सुतासाठी वापरला जाणारा कापूस निर्यातीला मिळेल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बग नव्हता, रिक्वायरमेंटच तशी होती!

ते हात परत कामाला लावायचा प्रयत्न वर्ध्यातच झाला. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद भरवली. त्यातून झाकिर हुसेन समितीची योजना आली: सात वर्षं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या आधाराने. रोज 3 तास 20 मिनिटं उद्योगाला! मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेला प्रा. के. टी. शाह यांनी परिषदेतच विरोध केला होता, आणि तो मला आजही रास्त वाटतो. पण दुसरी एक गोष्ट मोठी होती. तोवर कारागिरी त्या-त्या जातीच्या घरात बाप मुलाला शिकवायचा. इथे ती पहिल्यांदा शाळेत, सगळ्यांसाठी मांडली जात होती. आणि नुसतं काम नाही. एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो सुताचा नंबर, म्हणजे कातता कातता गणित. (हे मला या वयात कळलं. इंजिनियर आहे म्हणे.)

तरी योजना टिकली नाही. का, ते मला आजोबांच्या एका वाक्यातून कळतं. वडिलांच्या शाळेत टकळीचा तास असायचा. आजोबा वैतागून म्हणायचे, "हातानंच राबायचं तर शाळेत कायले धाडलं?" लेकराच्या हातात पाटी यावी म्हणून ज्यांनी आयुष्यभर नांगर धरला, त्यांना पुन्हा टकळी कशी पटावी? त्यांनी हट्ट धरला म्हणून वडील शिकले, आणि म्हणून मी आज पुण्यात एसीत बसून हे टाइप करतोय. आजोबांना चूक म्हणायची माझी तरी टाप नाही.

निघताना मावशींना विचारलं, घरी कुणी शिकलं का हे? म्हणाल्या, "नात होती शिकणारी. आता कॉम्प्युटर शिकते, पुण्याले. तुमच्यावानी." आवाजात तक्रार नव्हती, अभिमानच होता. मी काही बोललो नाही. बोलणार तरी काय?

गाडीत बसल्यावर हिशोब केला. दोन दिवसांत मी जेमतेम हातरुमालाच्या काठाला पुरेल एवढं सूत काढलं, तेही जागोजागी गाठी मारलेलं. पण परवा डोणगावला फोन करून वडिलांना विचारलं, टकळी येते का अजून?

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "हात विसरत नाही रे. दिवाळीले ये, दाखवतो."

टकळी आणि पेळू मावशींकडूनच मागवलेत. दिवाळीला बघू.