तेरेखोल
गोव्याच्या पेडणे तालुक्यातील किल्ला व गाव. तेरेखोल नदी अरबी समुद्राला मिळते तेथे, मुखाच्या उत्तर काठी, कड्यावर वसलेले. उरलेला तालुका नदीपलीकडे असल्याने जमिनीवरून येथे महाराष्ट्रातूनच यावे लागते. केरीहून फेरीबोट येते.

किल्ला सावंतवाडीच्या खेमसावंत भोसल्यांनी सतराव्या शतकात बांधला. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला. त्यानंतर सुमारे चार दशकांनी, 1788 मध्ये, पेडणे महाल त्यांच्या हाती आला. तोवर हा किल्ला म्हणजे सावंतांच्या मुलखात रोवलेली एकाकी चौकी होती. आत संत अँथनीचे चर्च आहे. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी किल्ल्यात शिरून तिरंगा फडकावला. पुढे किल्ल्यात हॉटेल झाले, तरी त्याची खरी ओळख याच धाडसाची मानली पाहिजे.

परिसरातील देवस्थाने दोन राज्यांत विभागली आहेत. भाविकांना ही सीमा जाणवत नाही. केरीचा आजोबा, मोरजीची मोरजाई आणि पेडण्याची भगवती गोव्यात; भगवतीच्या दारातले दोन भव्य हत्ती प्रसिद्ध आहेत. उत्तरेस सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी येथे यशवंतगड आणि लोहखनिजाच्या खाणीत 1976 मध्ये सापडलेली द्विभुज गणेशमूर्ती आहे. त्यापलीकडे शिरोडे हे मिठागरांचे गाव लागते.