मकतब

‘अरबीला जाणे’ म्हणजे मकतबात (मुलांच्या इस्लामी धर्मशिक्षणाच्या वर्गात) जाणे. सोनईसारख्या गावात दिवसभर मराठी शाळेत बसणारे पोर शाळेआधी किंवा नंतर मशिदीत कायदा (अरबी अक्षरओळखीचे पुस्तक) घेऊन बसते. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज ही पाच कर्तव्ये आधी तोंडपाठ होतात, अर्थ मागाहून उमगतो. वार्षिक जलशात मुले वजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याचा विधी) करून दाखवतात. मंचावर पाणी नसते, तरी बाह्या कोपरापर्यंत चढवून तीनदा तोंड, तीनदा हात, डोक्यावरून एकदाच हात, शेवटी पाय, आणि दर वेळी उजवा आधी. हा क्रम अंगात मुरतो, म्हणून मला पाठांतरापेक्षा तो मोलाचा वाटतो. नमाजाची सवय सातव्या वर्षापासून लावावी, असे हदीस (पैगंबरांचे वचन) सांगते. रोजा मात्र वयात येईपर्यंत बंधनकारक नाही.