मत्स्यजिऱ्यांचे पहिले अन्न : प्राणिप्लवकांच्या पोषणमूल्याविषयीच्या विचाराचा इतिहास

भारतीय मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासात १० जुलै १९५७ या दिवसाला अग्रस्थान दिले जाते. त्या दिवशी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही यांनी पोषग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि पुराच्या पाण्यात जाळी लावून बीज गोळा करण्याची परंपरागत अगतिकता संपण्याचा मार्ग खुला झाला. मात्र याच दोघांनी, रामचंद्रन यांच्यासह, १९५५ सालीच संगोपन-तळ्यांतील कार्प पिलांची मरतूक आणि त्यांच्या जगण्या-वाढण्यातील प्लवकांचा वाटा या विषयावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला होता, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. आमच्या मते ही उपेक्षा अन्यायाची आहे. बीज हवे तेव्हा मिळाले, तरी ते जगेल कशावर, हा प्रश्न त्या यशाच्या आधीचा आहे.

महाराष्ट्रातील मत्स्यव्यवसायात ज्यांना ‘मत्स्यजिरे’ म्हणतात, ते पाच-सहा मिलिमीटर लांबीचे जीव अंड्यातून बाहेर पडल्यावर सुमारे तीन दिवस पीतकावर निर्वाह करतात. त्यानंतर मुखात मावेल असे अन्न मिळाले नाही, तर मृत्यू अटळ. कार्पांना जठर नसतेच. या वयात आतडेही आखूड व सरळ असते.

कार्प नेमके काय खातो, याविषयीही दीर्घकाळ गैरसमज होता. तो चिखलावर व वनस्पतींवर जगतो, ही युरोपातील रूढ समजूत बोहेमियातील त्रेबोन येथील तळ्यांचे व्यवस्थापक योसेफ शुस्ता यांनी माशांची आतडी उघडून खोटी ठरविली. १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जर्मन ग्रंथाने कार्पाच्या आहारातील सूक्ष्म प्राण्यांचे महत्त्व प्रस्थापित केले. तळ्याला खत घालणे म्हणजे पर्यायाने माशाला अन्न घालणे होय, या विचाराला त्यामुळे शास्त्रीय बैठक मिळाली.

भारतात हाच विचार कटक येथील तलावसंवर्धन केंद्राच्या कार्यातून पद्धतशीर झाला. जिरे सोडण्यापूर्वी सुमारे पंधरा दिवस हेक्टरी दहा हजार किलोग्रॅम शेण घालावे. त्यावर जीवाणू व शैवाल वाढतात, त्यांच्यावर प्रथम रोटिफर व मागाहून मोइना, डॅफ्निया हे जलपिसू पोसले जातात. जिरे सोडण्याची वेळ या क्रमाशी जुळवून घेणे, यातच संवर्धकाचे कौशल्य. जुळणी साधली, तर पंधरा दिवसांत पिलू पंचवीस मिलिमीटरपर्यंत पोहोचते. पाठपोहणे कीटक पिलांना मारतात म्हणून तेल व साबणाचे मिश्रण पाण्यावर पसरण्याचा उपायही या पद्धतीचाच भाग होय.

या प्राण्यांत असे काय असते? पाण्याचा अंश वगळल्यास मोइनाच्या शुष्क भाराचा साधारण निम्मा भाग प्रथिनांचा असतो. स्निग्धांश मात्र वयानुसार बदलतो: प्रौढ मादीत २० ते २७ टक्के, तर पिलांत अवघा ४ ते ६ टक्के. म्हणजे ‘मोइना’ हे नाव सांगून पोषणमूल्य सांगितले असे होत नाही. १९७७ साली दाब्रोव्स्की व ग्लोगोव्स्की यांनी याला आणखी एक परिमाण जोडले: जिवंत भक्ष्यातील पाचकद्रव्येच पिलाच्या अपुऱ्या पचनास साहाय्य करीत असावीत. कल्पना आकर्षक होती. पुढील मोजमापांत हा वाटा अल्प आढळला. अधिक टिकाऊ ठरले ते जपानमधील ताकेशी वातानाबे व सहकाऱ्यांचे कार्य. केवळ पावाच्या यीस्टवर वाढविलेले रोटिफर सागरी माशांच्या पिलांना पुरेसे ठरत नाहीत, कारण त्यांत आवश्यक दीर्घशृंखल मेदाम्लांची उणीव असते, हे त्यांनी दाखविले. १९८३ च्या त्यांच्या समालोचनात हा सर्व पुरावा एकत्र आला आहे. गोड्या पाण्यातील कार्प तुलनेने आखूड शृंखलेच्या मेदाम्लांपासून ही द्रव्ये काही अंशी स्वतः घडवू शकतो, म्हणून त्याची गरज इतकी कठोर नाही. तथापि भक्ष्याने काय खाल्ले यावर भक्ष्याचे मूल्य ठरते, हे तत्त्व त्यालाही लागू आहे.

येथे सायक्लॉप्सचा विचार अपरिहार्य आहे. नारूचा वाहक म्हणून हा प्राणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुप्रसिद्ध होता. २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाल्यावर त्याचे नाव मागे पडले. कोपेपॉड वर्गातील प्राण्यांच्या ऊतींत डोकोसाहेक्झेनोइक आम्ल जलपिसवांपेक्षा पुष्कळ अधिक असते. रासायनिक पृथक्करणाच्या तक्त्यात त्यांचे स्थान म्हणूनच वरचे. परंतु तळ्यात सायक्लॉप्स नवजात जिऱ्यांवरच हल्ला करतो, शिवाय त्याच्या झटकेबाज हालचालींमुळे अननुभवी पिलांना तो पकडताही येत नाही. संथ रोटिफर पहिल्या दिवसांत अधिक उपयुक्त ठरतो तो याच कारणाने.

संगोपन-तळ्याची परीक्षा आपल्याकडे पन्नास लिटर पाणी जाळीतून गाळून, तळाशी एक ते दोन मिलिलिटर प्लवक बसते की नाही, यावर केली जाते. हे माप सोपे आहे व शेतकऱ्याच्या हाती देण्याजोगे आहे. पण नळीच्या तळाशी बसलेला थर मोइनाचा आहे की सायक्लॉप्सचा, हे ते सांगत नाही. त्यासाठी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावाच लागतो.