१ जुलै १८६५ची मुदत

शेअर बाजार शिकायला घेतला तेव्हा मी आधी चार्ट शिकलो. इंजिनिअरला आलेख वाचता येतो, तर बाजारही वाचता येईल, असं वाटलं होतं. माझा अंदाज बरोबर आलाही, पण ऑप्शनची मुदत संपल्यावर चार दिवसांनी. एका महिन्याचं घरभाडं गेलं. 'मुदत' म्हणजे काय, हे मला नंतर मुंबईच्या इतिहासात सापडलं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईहून जाणाऱ्या कापसाचे भाव कडाडले. हा पैसा नव्या बँकांच्या आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये शिरला. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,०००च्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते.

नवशिक्याने भावापेक्षा त्यामागची यंत्रणा पाहावी. बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत. त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जात, भाव चढे आणि चढलेल्या भावावर आणखी कर्ज मिळे. थांबण्याची अट न लिहिलेलं लूपच हे. त्यात वायद्याचे सौदे: भाव आज ठरवायचा, पैसे पुढच्या तारखेला द्यायचे. असंख्य सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि कापूस कोसळला. १ जुलैला देणी उभी राहिली, पण पैसे कुणाकडेच नव्हते. घेणाऱ्याने हात वर केले की विकणाराही बुडे. कारण तोही कुणाचं तरी देणं लागत होता. २,८५० रुपयांपर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला. पुढे बँक बुडाली, प्रेमचंदांची पेढीही बुडाली.

गंमत अशी, की बॅकबेच्या समुद्रातून मोलाची जमीन निघेल, हा अंदाज खोटा नव्हता. विसाव्या शतकात ती निघाली. आपण मरीन ड्राइव्हवर फिरतो ते त्याच भरावावर. पण उसन्या पैशावर धंदा करणाऱ्याला तेवढी वर्षं कोण देणार?

आता सौदा करण्याआधी मी दोनच प्रश्न विचारतो: पैसे कुणाचे? आणि तारीख कोणती? चार्ट त्यानंतर उघडतो.