रोमन ब्राँझ नाणी, नाणेसंग्राहक आणि बुलढाणा जिल्ह्याचा प्राचीन इतिहास

ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकात भारत व रोमन साम्राज्य यांच्यातील व्यापार भरभराटीस आला होता. पैठणहून गोमेद आणि तगर म्हणजे आजच्या तेरहून मलमल भडोच बंदराकडे जात असल्याचे 'पेरिप्लस' या ग्रंथात नमूद आहे. भारत दरवर्षी रोमचे किमान पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनीने इ.स. ७७ च्या सुमारास केली. मात्र हे धन सोन्या-चांदीचे होते. रोमचे ब्राँझ नाणे ही तिकडची चिल्लर. तिचे मोल धातूपेक्षा राजसत्तेच्या हमीवर अधिक अवलंबून होते, आणि ती हमी दख्खनमध्ये चालणारी नव्हती. येथील बाजाराची गरज सातवाहनांची शिसे व पोटीन या मिश्रधातूची नाणी भागवीत होती. चौथ्या-पाचव्या शतकातील लहान रोमन ब्राँझ नाणी, ज्यांतील काहींवर ख्रिस्ताचे आद्याक्षरचिन्ह दिसते, भारतात आढळतात ती प्रामुख्याने तमिळनाडूत. श्रीलंकेतही ती विपुल आहेत.

म्हणूनच विदर्भातील एखाद्या संग्रहात असे नाणे दिसले, तर त्यावरून व्यापाराचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. युरोपच्या मातीतून ही नाणी मोठ्या संख्येने निघतात व नाणेबाजारात स्वस्तात मिळतात. नाणे अस्सल असूनही त्याचा येथील इतिहासाशी काडीचाही संबंध नसणे शक्य आहे. प्राप्तिस्थान ठाऊक नसेल तर हा प्रश्न सुटत नाही.

याउलट तऱ्हाळ्याचे उदाहरण पाहावे. तत्कालीन अकोला व आजच्या वाशीम जिल्ह्यातील या गावी १९३९ मध्ये सुमारे दीड हजार पोटीन नाण्यांचा साठा मिळाला. वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांना अज्ञात असलेली नावे उजेडात आली. साठा एकत्र व प्राप्तिस्थानासह अभ्यासकांच्या हाती आला, हे त्याचे महत्त्व. हीच नाणी सुटी होऊन विकली गेली असती तर?

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने भा. चिं. देवतारे यांनी केलेल्या उत्खननात विटांचा स्तूप व सातवाहनकालीन वसाहत उघड झाली. पूर्णाकाठचे हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. जिल्ह्याच्या सीमेलगतचे भोकरदन म्हणजे सांचीच्या लेखांतील भोगवर्धन; तेथील हस्तिदंती शिल्पाचे साम्य पाँपेईच्या शिल्पाशी दाखविले जाते. अशा परिसरात नांगराच्या फाळाला लागलेले प्रत्येक नाणे मोलाचे ठरते.

कायदा मात्र येथे उणा पडतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. शासनाने तो ठेवा घेतल्यास धातूची किंमत आणि तिचा एकपंचमांश एवढा मोबदला मिळतो. सोन्याच्या नाण्यास ही रक्कम लक्षणीय असेल. ब्राँझ किंवा पोटीनच्या नाण्यास ती नगण्य. शेतकऱ्याने असे नाणे तहसील कचेरीत न नेता आठवडी बाजारातील मोडवाल्याला दिले, तर दोष केवळ त्याच्या पदरी कसा घालावा?